ताज्या फळांचा नफा विक्रीच्या वेगावर

शहरातील ग्राहक फळांसाठी मोजत असलेली किंमत आणि बागायतदाराच्या हाती पडणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, देशांतर्गत बाजारात ग्राहकाच्या एका रुपयातून शेतकऱ्याला केळ्यांसाठी सुमारे ३१ पैसे, द्राक्षांसाठी ३५ पैसे आणि आंब्यासाठी ४३ पैसे मिळतात. उर्वरित रक्कम मात्र संपूर्णपणे विक्रेत्यांचा नफा नसते. वाहतूक, हमाली, तोलाई, अडत आणि मुख्य म्हणजे नासाडी यांचा भारही त्यातूनच उचलला जातो.

नासाडीचे गणित

केंद्रीय अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालयासाठी नॅबकॉन्स या संस्थेने केलेल्या २०२२ च्या अभ्यासात फळांचे काढणीपश्चात नुकसान ६.०२ ते १५.०५ टक्के असल्याचे आढळले. पेरूच्या बाबतीत ते सर्वाधिक होते. या नुकसानीचा किरकोळ विक्रेत्यावर होणारा परिणाम एका काल्पनिक हिशेबावरून स्पष्ट होईल.

समजा, हातगाडीवरील विक्रेत्याने ४० रुपये किलो दराने २० किलो पेरू खरेदी केले व वाहतूक-हमालीवर ६० रुपये खर्च केले. एकूण खर्च ८६० रुपये झाला. सर्व पेरू ६० रुपये दराने विकले गेल्यास १,२०० रुपये येतील व ३४० रुपये शिल्लक राहतील. परंतु ३ किलो पेरू खराब झाले आणि ४ किलो सायंकाळी ४० रुपयांनी काढावे लागले, तर एकूण विक्री ९४० रुपयांची होऊन हाती केवळ ८० रुपये उरतील. म्हणूनच भाव किती, यापेक्षा माल किती लवकर विकला जातो, यावर नफा अधिक अवलंबून असतो.

थेट विक्रीचा मार्ग

मधली साखळी कमी करण्यासाठी पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’, तर १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ आणि तामिळनाडूत ‘उळवर संदै’ सुरू झाले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याच्या व्यवहारांवरील नियमन उठविले. त्यानंतर शहरांतून शेतकरी आठवडी बाजारांना चालना मिळाली.

अशा बाजारात मधल्या घटकांचा वाटा शेतकऱ्याकडे येतो, पण त्यांची कामे आणि जोखीमही त्याच्याच माथी येते. प्रतवारी, वाहतूक, दिवसभराची विक्री आणि उरलेला माल यांचा हिशेब त्यालाच करावा लागतो. शहरालगतच्या पेरू, पपई किंवा केळी उत्पादकांना हा मार्ग सोयीचा ठरू शकतो. काश्मीरचे सफरचंद किंवा कोकणचा हापूस दूरच्या शहरांत मोठ्या प्रमाणावर पोहोचविण्यासाठी घाऊक बाजाराची गरज राहतेच.

हातगाडीवाल्याचा प्रश्न वेगळा आहे. रोज थोडा माल घेतल्यास नासाडी घटते, पण वाहतूक महाग पडते. त्यातच जागेवरून उठविले गेल्यास त्या दिवसाचा माल अंगावर पडतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा विक्री प्रमाणपत्राची आणि २०२० ची पीएम स्वनिधी योजना विनातारण खेळत्या भांडवलाची तरतूद करते. निश्चित जागा, सावली आणि माफक दरातील शीतगृह उपलब्ध झाल्यास फळांचे भाव न वाढविताही विक्रेत्याची मिळकत वाढू शकते.