गायीच्या रक्ताची पाच मिनिटांची तपासणी

संकरित गाय अचानक चारा सोडते, ताप भरतो, दूध आटते. ‘डॉक्टर, आधी सलाईन लावा,’ असा पशुपालकांचा आग्रह असतो. मी मात्र आधी तिचे थोडे रक्त घेतो. अंगात रक्तच कमी असेल, तर भरपूर सलाईनने आहे तेही पातळ होते.

रक्त गोठू न देणारे औषध असलेल्या बाटलीतून ते अगदी बारीक काचेच्या नळीत भरतात. एक टोक बंद करून नळी यंत्रात मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या वेगाने सुमारे पाच मिनिटे फिरवली, की थर वेगळे होतात. तळाशी तांबड्या पेशी, त्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ पट्टा आणि वर पिवळसर द्रव.

निरोगी गायीत तांबडा थर साधारण २४ ते ४६ टक्के असतो. तो १५ च्या खाली गेल्यास रक्त चढवण्याचा विचार करावा लागतो. थर वाढला असेल, तर बहुधा अंगातील पाणी कमी झालेले असते. वरचा द्रव लालसर दिसल्यास पेशी फुटत असल्याची, गडद पिवळा दिसल्यास काविळीची शंका येते. हिरवा चारा खाणाऱ्या गायीत थोडा पिवळेपणा मात्र स्वाभाविक असतो.

ही तपासणी रक्तक्षय दाखवते, कारण नव्हे. थायलेरिया, बबेसिया या गोचीडजन्य रोगांसाठी काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी किंवा लघवी लाल दिसली, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा. आणि गोठ्यातील गोचिडांचा बंदोबस्त आजच करा.