लहान तबकडी आणि वादकांची नावे

ध्वनिमुद्रिका हे संगीताच्या इतिहासाचे एक साधन होय, हे आता सर्वमान्य झाले आहे. या साधनाचे वाचन कसे करावे, याचा विचार मात्र त्या मानाने थोडाच झालेला आहे. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी वर्तुळावर छापलेले नाव कोणाचे आणि कोणाचे नाव तेथे छापलेले नाही, हा प्रश्न लहान तबकडीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. १९४९ मध्ये अमेरिकेत ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी निघाली. तथापि गीताचे माप बहुधा तेच राहिले. १९०२ मध्ये कलकत्त्यास ध्वनिमुद्रण झालेल्या गौहरजान गायनाच्या अखेरीस आपले नाव स्वतःच उच्चारीत. तबकड्या तेव्हा परदेशी कारखान्यात तयार होत. तेथील कारागिरांस गायिकेची ओळख पटावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो.

वऱ्हाडाशी निकटचा संबंध असलेले उदाहरण 'रणदुंदुभि' (१९२७) या नाटकाचे आहे. त्याचे कर्ते अमरावतीचे वीर वामनराव जोशी आणि संगीतकार वझेबुवा. 'परवशता पाश दैवे' यासारखी त्यातील पदे मास्टर दीनानाथ यांच्या आवाजात मुद्रित झाली व रंगभूमीबाहेर दूरवर पोहोचली. श्रोत्यांच्या स्मरणात ती प्रामुख्याने दीनानाथांची पदे म्हणून राहिली. पदकर्ता आणि संगीतकार मागे पडले. साथीदारांची तर आठवणही क्वचितच निघते.

हाच प्रश्न मुंबईत घडलेल्या दुसऱ्या एका मुद्रणात अधिक ठळकपणे दिसतो. इंग्लंडमधील बीटल्स या रॉक वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईस आले. फोर्ट विभागातील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात हे काम झाले. त्यासाठी दोन-मार्गी मुद्रणयंत्र कलकत्त्याहून आणविण्यात आले होते. याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. गीताचा आशय 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाच्या ४७ व्या अध्यायावर आधारलेला असून, तो हॅरिसन यांना सुचविणारे हुआन मास्कारो हे केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक आणि भगवद्गीतेचे इंग्रजी अनुवादक होते.

फेब्रुवारीत लंडन येथे गायन जोडले गेले आणि १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या गीताच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर हे गीत प्रसिद्ध झाले. त्याची लांबी सुमारे अडीच मिनिटे आहे. आलापीस येथे अवकाश नाही. वाद्यांचे छोटे खंड कडव्यांच्या मधून येतात. बीटल्सच्या सभासदांनी या गीतात एकही वाद्य वाजविलेले नाही. त्यांचा सहभाग केवळ कंठाचा आहे. तरीही तबकडीवर नाव वाद्यवृंदाचे आणि गीतकर्ता म्हणून हॅरिसन यांचे, एवढेच आढळते. आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (पखवाज), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि रिजराम देसाड (हार्मोनियम) ही नावे नंतरच्या लेखकांनी दिलेल्या याद्यांतून कळतात.

याउलट, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघालेल्या 'वंडरवॉल म्युझिक' या मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावे छापलेली आहेत. त्यांत शिवकुमार शर्मा, एस. आर. केंकरे आणि विनायक व्होरा हे आहेत. मुद्रणाचे स्थळ एक, काळ एक, वादकवर्गही बव्हंशी एकच. परंतु एका तबकडीने नावे राखली व दुसरीने गाळली. लहान कागदी वर्तुळात जागा अपुरी असते, हे कारण अंशतः खरे आहे. परंतु वाद्यवृंदाचे प्रसिद्ध नाव हीच विक्रीची खूण असल्याने इतर नावांची गरज भासली नाही, हे कारण अधिक बलवत्तर मानावे लागते.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या घरात जुनी तबकडी हाती आली, तर केवळ गायकाचे नाव टिपून थांबू नये. दोन्ही बाजूंचा मजकूर, तबकडीचा क्रमांक, मध्यभागाजवळ कोरलेली मुद्रणसंख्या आणि वेष्टन यांची नोंद करावी, आणि साथीदारांविषयी ज्यांना माहिती असेल त्यांना ते हयात असतानाच विचारावे. तबकडी नाद टिकविते; नाव टिकविण्याचे काम तिच्यावर सोपवून चालत नाही.