खाण बंद होण्याआधीचा अभ्यास

कोळसा सोडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्यासाठी संशोधनाला पैसा द्यायचा, म्हणजे सौर पटले, बॅटऱ्या आणि हायड्रोजन यांना द्यायचा, असे बहुतेकांना वाटते. तंत्रज्ञान लागतेच. पण खाण बंद झाल्यावर कोणाची मजुरी बुडेल, जमीन कुठे खचेल, खाणीत साठलेल्या पाण्याचे काय होईल, हेही शोधावे लागते. युरोपात त्यासाठी स्वतंत्र निधी आहे.

त्याचा इतिहास कळला की दुसरा गैरसमजही सुटतो: हा सारा भार सामान्य करदात्यावर पडतो, हा. 1951 च्या पॅरिस करारातून युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय उभा राहिला आणि त्याने या उद्योगांच्या उत्पादनावर आकार बसवला. 2002 मध्ये कराराची मुदत संपली, तेव्हा उरलेली मालमत्ता संशोधनासाठी राखून ठेवली गेली. कोळसा व पोलाद संशोधन निधी तो हाच. 2021 मध्ये त्याचे नियम बदलले. 2027 पर्यंत दरवर्षी 11 कोटी 10 लाख युरो, आणि त्यातले 27.2 टक्के कोळशाच्या वाट्याला. हा वाटा आता बंद होणाऱ्या खाणींची सुरक्षितता, कामगारांचे आरोग्य आणि खाणप्रदेशांचे न्याय्य संक्रमण यांसाठी आहे. कोळशाने कमावलेला पैसा कोळशाच्या माणसांसाठी वापरला जातो, आणि मला तो तसाच वापरला जावा असे वाटते.

खाणपट्ट्यात संशोधन संस्था काढली की खाणकामगारांचा प्रश्न सुटला, हा समज जास्त घातक आहे. जर्मनीने 2020 च्या कायद्याने 2038 पर्यंत कोळसा सोडायचे ठरवले आणि कोळसा प्रदेशांना 40 अब्ज युरोपर्यंत मदत देऊ केली. त्यातून गोर्लित्झला खगोलभौतिकीचे आणि डेलिच येथे रसायनशास्त्राचे मोठे केंद्र होत आहे. प्रदेशाच्या पुढच्या पिढीसाठी हे फार मोलाचे आहे. पण आयुष्यभर उत्खनन यंत्र चालवलेला पंचावन्न-साठीचा माणूस तिथे शास्त्रज्ञ म्हणून लागणार नाही. म्हणूनच जर्मनीने 58 वर्षांवरील कोळसा कामगारांसाठी वेगळी तरतूद केली: काम सुटल्यापासून निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षे, भत्ता. दोन्ही खर्च हवेत आणि एकाच्या नावावर दुसरा खपवता येत नाही.

बंद खाण निरुपयोगी असते, हेही खरे नाही. नेदरलँड्समधल्या हेर्लेन शहरात जुन्या खाणींत साठलेल्या कोमट पाण्याच्या उष्णतेवर 2008 पासून इमारती उबदार ठेवल्या जातात.

आता आपल्याकडचा समज: युरोपाला परवडते, भारताकडे पैसाच नाही. 2010 मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला आणि राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी स्थापला. त्याचा घोषित हेतू स्वच्छ ऊर्जेतले संशोधन आणि नवे प्रकल्प हाच होता. 2016 पर्यंत उपकर 400 रुपयांवर गेला. 2017-18 पर्यंत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. निधीत 30 हजार कोटींहून कमी वळवले गेले आणि प्रकल्पांवर सुमारे 16 हजार कोटीच लागले. जीएसटी आल्यावर याच 400 रुपयांचे रूपांतर राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकरात झाले, आणि 2025 मध्ये तोही रद्द झाला. पैसा होता. खाणकामगारांच्या उद्याचा अभ्यास मात्र त्याच्या हेतूत पहिल्यापासून नव्हताच.

चंद्रपूर आणि यवतमाळच्या वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. कायम कामगाराची कंपनीकडे नोंद असते, त्याला भविष्य निर्वाह निधी असतो. कंत्राटी मजूर, कोळशाचे ट्रकचालक, खाणीच्या फाटकाबाहेरचे टपरीवाले यांचे पोटही त्याच खाणीवर चालते, पण खाण बंद करण्याच्या हिशेबात ते सहज सुटतात. त्यांची मोजणी हेच इथले पहिले संशोधन असायला हवे. त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे खाणपट्टाधारकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम जमा होते आणि कौशल्य विकास तिच्या मंजूर खर्चात बसतो. खनिज काढणे थांबले की ही रक्कमही थांबते. त्यामुळे कोणत्या गावातले किती जण कोणते काम करतात, त्यांना दुसरे काय येते, याची पाहणी खाणी चालू असतानाच, याच पैशातून सुरू व्हायला हवी.