सोनेरीतून काळ्याकडे

केस म्हणजे क्षुल्लक बाब, असे आमच्या जिल्ह्यात तरी आता कोणी म्हणणार नाही. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड व आसपासच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांतच गळू लागले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळले आणि तपासणीसाठी संशोधकांची पथके आली. ज्यांचे केस गेले त्यांचा त्यात काही दोष नव्हता. माझी गोष्ट मात्र निराळी आहे. माझे केस शाबूत होते. त्यांचा रंग मी स्वतः पैसे मोजून घालवला होता. तो परत कसा आणावा लागतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला कामाला गेलो होतो. परतण्यापूर्वी दोन दिवसांची मजुरी देऊन एका सलूनात केस सोनेरी करून घेतले. आरशात पाहिले तेव्हा आपण कोणी सिनेमानट आहोत असे वाटले. संग्रामपूरला एस.टी.तून उतरून घरी आलो, तर आजी अंगणात ज्वारी निवडत बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काऊन रे बाबू, जेवाले नोहोतं भेटत काय तुले तिकडं?" एवढे बोलून तिने पदर डोळ्यांना लावला.

मला हसू आले. रात्री बाबांनी कारण सांगितले तेव्हा ते मावळले. 1972 च्या दुष्काळात आजीच्या धाकट्या भावाचे केस असेच भुरे झाले होते. मग त्याचे पाय सुजले, आणि तो गेला. आजीच्या लेखी भुरे केस म्हणजे उपास.

तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. आहारात प्रथिने फार कमी पडली की लहान मुलांना क्वाशिओरकोर नावाचा आजार होतो. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात काम करताना त्याचे वर्णन केले. अंगावर सूज येते आणि केसांचा काळेपणा उतरून ते तांबूस, विरळ होतात. आहार सुधारला की मुळाशी पुन्हा गडद केस येतो. कधी चांगले, कधी वाईट दिवस आले, तर एकाच केसावर गडद-फिके पट्टे दिसतात. म्हणजे केस ही त्या मुलाच्या पोटाची नोंदवहीच! आमच्या उत्तरेला अंबाबारवा अभयारण्य आणि त्यापुढे मेळघाट. तेथील कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. जे केस त्या मुलांना भुकेने मिळतात, ते मी विकत घेतले होते.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून गडद तपकिरी कलप आणला आणि चोपडला. पिवळ्यावर गडद रंग लावला की तो झाकला जाणार, असा माझा हिशेब. पण वाळल्यावर केसांना शेवाळासारखी हिरवट झाक आली, आणि चार-पाच अंघोळींत कलप धुऊन जाऊन खाली पुन्हा पिवळे डोकावू लागले. मित्रांनी मला काय काय नावे ठेवली, ती येथे छापण्याजोगी नाहीत. शेवटी जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना गाठले. त्यांनी जे समजावले, ते थोडक्यात असे.

केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. आतल्या गाभ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. त्याचे दोन प्रकार : एक काळा-तपकिरी, दुसरा तांबडा-पिवळा. सलूनात लावतात त्या मिश्रणातील अमोनिया केस फुगवून खवले उघडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून रंगद्रव्य मोडते. काळे आधी मोडते. तांबडे-पिवळे चिवट असते. म्हणून काळा केस आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. आपल्याला जो एकच काळा रंग दिसतो, त्याच्या पोटात तांबडा दडलेला असतो तो असा.

माझी चूक येथेच झाली होती. तपकिरी कलपात निळसर छटा असते. पिवळ्यावर निळे पडले की हिरवे होणार, हे चित्रकलेच्या तासाला कळलेलेच आहे. मधला तांबडा थर जागेवर नव्हता. शिवाय उघड्या पडलेल्या केसात रंग चटकन शिरतो आणि तितक्याच चटकन निघूनही जातो. तेव्हा नियम असा, की ज्या वाटेने रंग गेला त्याच वाटेने उलटे यावे : आधी तांबडा भरावा, मग काळा चढवावा. शहरातील जाणकार केशकर्तक हेच करतात.

गंमत म्हणजे हाच नियम आपल्या जुन्या मेंदी-निळीच्या रीतीत आहे. मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केसाच्या प्रथिनाला धरून राहते आणि तांबडा रंग देते. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली की काळा उतरतो. ही तीच नीळ, जिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध 1917 साली चंपारणचा सत्याग्रह झाला. नुसती नीळ पिवळ्या केसाला लावाल, तर पुन्हा हिरवेपणाच पदरी येईल.

आजीनेच मेंदी भिजवली. काही तास भिजलेली मेंदी तिने माझ्या डोक्यावर थापली, अडीच तासांनी नुसत्या पाण्याने धुतली. डोके विस्तवासारखे लाल! मग निळीची पूड पाण्यात कालवून, दहा-पंधरा मिनिटांनी, वेळ न दवडता लावली आणि तासाभराने धुतली. हवेचा संपर्क होऊन निळीचा रंग पुढील एक-दोन दिवस गडद होत जातो, म्हणून तेवढे दिवस साबण लावू नये.

दोन इशारे देतो. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत पुष्कळदा पीपीडी हे रसायन असते. त्याने काहींच्या अंगाला भयंकर खाज व सूज येते. कोणताही कलप लावण्यापूर्वी तो कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून 48 तास वाट पाहावी. आणि मेंदी-निळीवर पुन्हा पेरॉक्साइडचा प्रयोग करू नये. परिणाम हिरवा निघू शकतो, आणि पुडीत धातूंचे क्षार मिसळलेले असले तर केस तापून जळण्याचेही भय असते.

हे सारे केले तरी खरे सांगायचे तर, मोडलेले रंगद्रव्य परत येत नाही. उगवलेला केस निर्जीव असतो; त्याला आपण बाहेरून रंग देतो एवढेच. खरा काळा केस मुळातूनच येतो, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. माझ्यासारख्या आखूड केसांच्या मुलाला चार-पाच महिने आणि न्हाव्याच्या दोन-तीन फेऱ्या पुरतात. ज्याला घाई नाही त्याने हाच मार्ग धरावा. तो सर्वांत स्वस्त आहे.

त्या मेंदीच्या दिवशी मात्र मला घाई होती. सकाळी आजीने माझे डोके उजेडात धरून, केस बाजूला सारून मुळे पाहिली. "आता जेव," ती म्हणाली, आणि भाकरीवर नेहमीपेक्षा दुप्पट लोणी घातले.