हिरडीचे रोपण : मूळ झाकता येते, झिजलेले हाड परतत नाही

हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले, की थंड पाण्याचा घोटही कळ आणतो. अशा वेळी दंतवैद्य हिरडी-रोपणाची, अर्थात ‘गम ग्राफ्ट’ची शस्त्रक्रिया सुचवतात. या शस्त्रक्रियेमुळे हलणारा दात घट्ट होतो आणि झिजलेले हाडही भरून येते, असा अनेकांचा समज असतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

दात जबड्याच्या हाडातील खोबणीत सूक्ष्म तंतूंच्या आधाराने उभा असतो. दातावर साचणारा जिवाणूंचा थर आणि त्यापासून बनणारे किटण यांमुळे हिरडीला सूज येते. ही सूज खोलवर पसरली, की तंतू तुटतात आणि हाड झिजू लागते. यालाच बोलीभाषेत पायोरिया म्हणतात. निरोगी अवस्थेत दात आणि हिरडी यांमधील फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती याहून खोल झाल्यास आणि रक्त येत असल्यास क्ष-किरण तपासणीने हाडाची स्थिती पाहिली जाते. बहुधा वेदना होत नसल्याने रुग्ण उशिरा येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगभरात तीव्र स्वरूपाच्या या विकाराचे १ अब्जाहून अधिक रुग्ण असावेत.

हिरडी सरकण्यामागे नेहमी हाच विकार असतो असे नाही. जोरकसपणे दात घासणे किंवा मुळातच हिरडी पातळ असणे, हीदेखील कारणे असतात. अशा रुग्णांत दोन दातांमधील हाड शाबूत असेल, तर रोपणाने मूळ पूर्णपणे झाकले जाऊ शकते. ते हाड झिजले असल्यास यश अंशतःच मिळते. पी. डी. मिलर यांनी १९८५ मध्ये केलेले वर्गीकरण याच निकषाचा आधार घेते.

शस्त्रक्रियेत जागा बधिर करून टाळूतील ऊतीचा पातळ तुकडा काढला जातो आणि तो उघड्या मुळावर बसवून टाके घातले जातात. पहिले दोन-तीन दिवस हा तुकडा भोवतालच्या द्रवावरच तग धरतो. त्यानंतर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरू लागतात. म्हणून या काळात तो हलू न देणे अत्यावश्यक ठरते. ओठ ओढून जखम पाहणे टाळावे, आहार मऊ ठेवावा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत तेथे ब्रश फिरवू नये. टाके साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी काढतात; हिरडीचा रंग व आकार स्थिरावण्यास मात्र काही महिने लागतात. रक्तस्राव न थांबणे, पू किंवा ताप येणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

तंबाखूमुळे रक्तपुरवठा मंदावतो आणि जखम भरण्यास अडथळा येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. महाराष्ट्रात दातांना लावली जाणारी मशेरी हीदेखील तंबाखूच होय. अनियंत्रित मधुमेहही तितकाच घातक ठरतो.

हाडाच्या झिजेवर पहिला उपचार म्हणजे मुळांची खोल स्वच्छता. काही खोल, अरुंद खड्ड्यांत अस्थिरोपण व पडद्याच्या साहाय्याने हाड अंशतः पुन्हा निर्माण करता येते. सर्वत्र सारखीच खाली गेलेली पातळी मात्र सहसा पूर्ववत होत नाही. ती आहे तेथे रोखता येते. त्यामुळे शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी ‘हाड किती शिल्लक आहे आणि सूज आटोक्यात आली आहे का’, हे दोन प्रश्न रुग्णाने आवर्जून विचारावेत.