अण्णांचा हात हलला नव्हता

आमच्या घरात एक वाक्य पन्नास वर्षं टिकून आहे. ‘अण्णांचा हात हलतो.’ त्याला कारण एकच फोटो. १९७४ साली अण्णांनी काढलेला आजीचा शेवटचा फोटो अस्पष्ट आला. त्यानंतर त्यांनी कितीही चांगले फोटो काढले तरी तो शिक्का काही पुसला गेला नाही. अण्णा हसून सोडून देत.

अण्णा गेल्यावर त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. आत बटर पेपरच्या पाकिटांत जपलेल्या निगेटिव्ह. कॅमेरा ‘आग्फा क्लिक ३’, त्या काळी मध्यमवर्गाला परवडणारा. १२० नंबरचा रोल, त्यात बारा फोटो. म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढायचा. या सगळ्या निगेटिव्ह संगणकात उतरवायच्या, असं ठरवून मी फिल्मची सोय असलेला एक स्कॅनर घेतला आणि पहिली निगेटिव्ह लावली ती आईची. नदीच्या घाटावर, नऊवारीत, हसणारी आई.

पडद्यावर फोटो आला आणि मन खट्टू झालं. चेहरा जणू धुक्यात. बहीण मागे उभी होती. ती लगेच म्हणाली, ‘‘अण्णांचा हात!’’ आम्ही दोघंही हसलो. पण मला ते हसू पुरलं नाही.

गल्लीच्या टोकाला पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काका राहतात. मी निगेटिव्ह घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं आणि माझ्या हातात दिलं. आईच्या पदराच्या काठाची वीण दिसत होती. बांगड्या मोजता येत होत्या! ‘‘फिल्मवर सगळं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘तुझ्या यंत्राला दिसत नाहीये. आणि हे बघ, स्कॅनमध्ये आधी चेहरा बघायचाच नाही. फिल्मवरचा ओरखडा बघ, धुळीचा कण बघ.’’

या एका वाक्यात सगळं शास्त्र होतं. धूळ आणि ओरखडा फिल्मच्याच पृष्ठभागावर असतात. ते स्कॅनमध्ये धारदार दिसले, तर यंत्राचा फोकस बरोबर आहे. तरीही चेहरा पुसट असेल, तर दोष फोटो काढतानाचा. पण ओरखडाच पुसट दिसत असेल, तर बिचाऱ्या फोटोग्राफरला बोल लावू नये. माझ्या स्कॅनमध्ये ओरखडा पुसट होता.

कारण असं. घरगुती सपाट स्कॅनरपैकी बहुतेकांचा फोकस ठरलेला असतो. काचेच्या वर काही मिलिमीटरवर एक पातळी असते, तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं. फिल्म अर्धा मिलिमीटर जरी वर-खाली झाली तरी फरक पडू शकतो. शिवाय जुनी फिल्म वाकलेली असते. मधला भाग एका उंचीवर, कडा दुसऱ्या. मी निगेटिव्ह स्वच्छ बटर पेपरमध्ये ठेवून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबल्या. मग फिल्मच्या चौकटीखाली कार्डपेपरच्या पट्ट्या एकेक वाढवत गेलो. पट्टी नसताना एक स्कॅन, एका पट्टीचा एक, दोन पट्ट्यांचा एक. प्रत्येक वेळी तोच ओरखडा मोठा करून पाहायचा. तीन पट्ट्यांवर तो केसासारखा बारीक झाला आणि चौथ्या पट्टीला पुन्हा पसरला. तीन पट्ट्या कायम केल्या.

आणखी काही गोष्टी चुकांमधून कळल्या. चाचणी घेताना संगणकातली ‘शार्पनेस’ वाढवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर ती खोटी धार दाखवून फसवते. निगेटिव्ह थेट काचेवर टेकवू नये. इंद्रधनुषी वलयं उमटतात. इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ पुसणारी सोय रंगीत फिल्मला छान चालते, पण जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते आणि ती तो प्रकाश अडवते. तिथे मऊ ब्रश, हवेचा फुगा आणि धीर हेच खरे. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांनीही दिपून जाऊ नये. इंचाला ६४०० ठिपके लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मा तपशीलही मिळत नाही, असा अनुभव आहे. तशी गरजही नाही. क्लिकची निगेटिव्ह सुमारे ५६ मिलिमीटर चौरस. इंचाला खरे २४०० ठिपके मिळाले तरी प्रत्येक बाजूला जवळजवळ ५३०० ठिपके होतात. त्यातून सतरा इंची फोटो सुरेख निघतो.

आईचा फोटो पुन्हा स्कॅन केला. बहिणीला बोलावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘हा काठ आठवतो रे मला.’’

आता राहिला होता आजीचा फोटो. मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तीन पट्ट्या, दाबून सपाट केलेली फिल्म. आधी ओरखडा पाहिला, तो धारदार होता. मग आजीचा चेहरा. तो मात्र पुसटच. म्हणजे शिक्का खरा? तेवढ्यात नजर मागच्या भिंतीकडे गेली. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता येत होत्या!

हात हलला असता तर कॅलेंडरही हललं असतं. क्लिक कॅमेऱ्याला फोकस फिरवायची सोयच नव्हती. काही फूट लांब उभं राहिलं तर सगळं स्पष्ट, फार जवळ गेलं की समोरचा चेहरा मऊ आणि मागची भिंत स्पष्ट. हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. आम्हा मुलांना ते नेहमी मागे व्हायला सांगत. तरी त्या दिवशी ते स्वतः पुढे गेले होते. आजी अंथरुणाला खिळलेली, आणि तिचा मुलगा तिच्या अगदी जवळ.

तो फोटो मी सुधारायला घेतला नाही. जसा आहे तसाच छापून आईच्या फोटोशेजारी लावला आहे. डबाही टाकलेला नाही. स्कॅन झाले की निगेटिव्ह फेकून देणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. त्या कोरड्या, थंड जागी ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ती फिल्म वेगळी करा आणि आधी तिचं स्कॅनिंग उरका. बुरशी दिसली तर पाण्याने मुळीच धुऊ नका; चित्रच निघून येण्याची भीती असते. उद्या याहून चांगलं यंत्र येईल, आणि त्याला दाखवायला मूळ फिल्म हवी.

आणि घरात एखाद्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी एकदा ओरखडा पाहा.