मुलांच्या हातच्या पणत्या, विक्रीसाठी

दिवाळीत सोसायटीत स्टॉल लावायचा असेल, तर पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी पणतीइतकी सोयीची वस्तू नाही. मुठीत मावते आणि घरोघरी लागतेच. मुंबईकरांनो, पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून आणा आणि मुलांनाही सोबत न्या. आपण रंगवतोय ती वस्तू कुणीतरी घडवली आहे, हे त्यांना कळायला हवं.

आता महत्त्वाचं. कोरी पणती तेल पिते, म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर पणतीवर रंग धरत नाही, पोपडे निघतात. पोस्टर कलर तेलाचा हात लागला की खराब होतो, अ‍ॅक्रिलिक टिकतो. रंग फक्त बाहेरून. आतली बाजू आणि वातीचं टोक कोरंच ठेवा. टिकल्या, आरसेही ज्योतीपासून लांब.

लहानग्यांच्या हाती ब्रश देऊ नका, इअरबड द्या. गेरूच्या रंगावर पांढरे ठिपके इतके सुरेख उठतात की वारली चित्रांची आठवण येते! ठिपके वाकडे पडले तरी मोठ्यांनी कृपया हात लावू नये. लोक मुलांचं काम म्हणूनच घेतात.

किंमत मुलांनाच काढू द्या. समजा, पणती ५ रुपये, रंग आणि खोका मिळून ३, तर २० ला विकल्यावर उरले किती? बोटांवर मोजतील, मोजू द्या. आणि दहा-दहाचे सुटे आदल्या दिवशीच आणून ठेवा, स्टॉलवर ऐनवेळी हमखास तेच कमी पडतात.